तिफणीवरचा नांगर

रविवार, ४ नोव्हेंबर १९५६. भाऊबीज. आदिलाबाद, आमच्या भाड्याच्या घराचं मागचं अंगण.

हजर: माझे वडील. मी. माझे यजमान, तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. शेजारची तेलुगू बाई, वयाने मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणत असे आणि ती मला चेल्ली, म्हणजे धाकटी बहीण. अक्काचे यजमान, जंगल खात्यात नाकेदार. ते शेवटपर्यंत आपल्या दारातच उभे होते. शिवाय गल्लीतल्या चार-पाच बाया, न बोलावता आलेल्या.

ही यादी मी आज करते आहे. त्या दिवशी केली नाही. त्या वर्षीची वही माझ्याकडे आहे, तीत त्या तारखेखाली ‘बाबा आले’ एवढेच दोन शब्द आहेत. लग्न झाल्यापासून मी वही ठेवते. घरात काय आलं, काय गेलं, कोणी काय उसनं नेलं, कधी परत केलं, सगळं लिहिते. गल्लीत लग्न निघालं की सामानाची यादी माझ्याकडे येते. माझ्या यादीवर लोकांचा विश्वास आहे. म्हणून जे लिहायचं राहिलं ते लिहायला हवं.

बाबांचं बाजारहत्नूरला पितळी भांड्यांचं दुकान होतं. भांडं विकलं की त्यावर नाव घालून द्यायचं कामही तेच करत. भांडं मांडीत उलटं धरायचं, बारीक छिन्नी टेकवायची आणि हलक्या हातोडीने टिपक्याला टिपका लावत जायचं. लग्नाची भांडी असली की मुलीचं नाव, बापाचं नाव, तिथी. गावात जेवणावळ असली की घरोघरची भांडी एकत्र होतात, आणि नाव नसलं तर कोणाची परात कोणाकडे जाईल याचा भरवसा नसतो.

आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आमच्यासाठी बाबांनी एकेक भांडं बाजूला काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांना एक अडचण पडली. दुकानात बसल्या बसल्या ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

“पोरीचं नाव घालाव तं ते सासरी बदलते. बापाचं घालाव तं तिघींचं एकच होते. मंग कोणतं कोणाचं, कसं समजाचं?”

पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्याकडचा जुन्या राजवटीतला एक मोठा अंमलदार घर मोडून निघून गेला. त्याच्या सामानाचा हर्रास झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले. बाबांनी रद्दीचे दोन गठ्ठे घेतले, भांडी गुंडाळायला. त्या रद्दीत इंग्रजी चित्रांचं एक जुनं मासिक निघालं. एका पानावर ढालीच ढाली होत्या. सगळ्या ढाली सारख्या, त्यांवर तेच सिंह, तीच वाद्यं. फक्त प्रत्येकीच्या वरच्या भागात एक पांढरी आडवी पट्टी होती आणि पट्टीला खाली तीन दाते. दात्यांवर बारीक चित्रं होती आणि ती मात्र प्रत्येक ढालीवर वेगळी.

बाबांनी ते पान शाळेच्या मास्तरांना दाखवलं. मास्तर परवापर्यंत उर्दूत शिकवत होते आणि आता सरकार बदलल्यामुळे मराठीत शिकवू लागले होते. इंग्रजी त्यांना कामापुरतं येई, आणि जवळ एक जाडा कोश होता. मी दुकानात दोऱ्याची गुंडी करत बसले होते. मला ते बोलणं शब्दाला शब्द आठवतं, कारण पुढे बाबांनी ते शंभरदा सांगितलं.

“शेठ, या विलायतेच्या राजकन्यांच्या ढाली आहेत. ढाल बापाची, म्हणून सगळ्यांची एकच. कोणती कोणाची हे समजावं म्हणून वर ही पट्टी.”

“पट्टी कायची? तिफण हाय ना ही मास्तर! हे पाहा तीन दाते. जवारी पेरायची तिफण.”

“तिफण म्हणा. राजाच्या लेकरांना तीन दाते. नातवंडांना पाच.”

“पाच दात्याची कुठं तिफण राह्यते का?”

“विलायतेत राहत असेल. आता दात्यांवर पाहा. हिला गुलाब. हिला हे लाल बदाम, पत्त्यातलं. आणि हिला...” मास्तरांनी कोश काढला, बोट फिरवलं. “हिला नांगर.”

बाबांनी पान डोळ्यांजवळ नेलं. चित्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं, त्यात शाई पसरलेली. “नांगर? असा वाकडा? त्याइकडचा असाच असन,” ते म्हणाले. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. “पोरीचं लगन झाल्यावर काय करतेत? ही खूण मिटवतेत का?”

मास्तरांनी खालचा मजकूर पुन्हा वाचला. “नाही. नवऱ्याची ढाल शेजारी येते. तिची खूण तिच्या ढालीवर तशीच राहते. जन्मभर.”

“नाव बदललं तरी?”

“नाव बदललं तरी.”

बाबांनी पानाची घडी करून ती गल्ल्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठीच्या परातीच्या बुडाला तिफण घातली आणि तिच्यावर गुलाब. धाकटीच्या ताटाला तिफण आणि बदाम. माझ्या पाण्याच्या गडव्याला तिफण आणि नांगर. नांगर मात्र त्यांनी छापल्यासारखा वाकडा काढला नाही. आपल्या शिवारात असतो तसा काढला, हातात धरायच्या रुमण्यासकट. इंग्रजांचा नांगर त्यांनी दुरुस्त केला, आणि त्या जोडीचा त्यांना फार आनंद झाला. “आदी नांगराचं, मंग पेराचं. बराबर बसलं.”

मी रडले. मोठीला गुलाब आणि मला नांगर काऊन, म्हणून दोन दिवस धरून बसले. बाबा म्हणाले, “गुलाबवाल्याला कोणी उधारी देत नाही वं बाई. नांगरवाल्याला समदे देतेत.” मला ते कळलं नाही, पण रडणं थांबलं. पुढे मला त्या खुणेचा अभिमानच वाटू लागला. शाळेत मी मुलींना सांगत असे, आमच्या घरी विलायतेच्या राजकन्येची खूण आहे.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या यजमानांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. जुनं नाव त्या दिवशी संपलं. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून पाहत होते. सगळं आटोपल्यावर ते माझ्या भांड्यांच्या टोपलीजवळ गेले, गडवा उचलला, उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवून परत ठेवला. तोवर बारीक कामाने त्यांचे डोळे अधू झाले होते. त्यांना जे पाहायचं ते अंगठ्यानेच पाहत.

माझ्या वहीचं पहिलं पान त्याच भांड्यांचं आहे. हंडा एक, परात एक, गडवे दोन, ताटं दोन, पानाचा डबा एक. एकूण सात. प्रत्येकासमोर मी लिहिलं होतं: ति. नां.

छप्पन साली दसऱ्याला यजमानांचे एक सोबती आमच्याकडे जेवायला आले. हैदराबादला शिकलेले, वाचन मोठं. तेव्हा कचेरीत दुसरं बोलणंच नव्हतं. हैदराबाद राज्य मोडणार, किनवट मुंबईकडे जाणार, मुधोळ नांदेडातून निघून आपल्यात येणार, आपण आंध्रात, दफ्तर तेलुगूत. जेवून झाल्यावर त्यांनी पाणी प्यायला गडवा उचलला आणि त्यांना बूड दिसलं.

“वहिनी, हे काय? औताचं दुकान?”

मी सांगितलं. राजकन्या, ढाल, तिफण, नांगर, सगळं. नेहमी सांगते तसं, हौसेने. ते आधी ऐकत होते आणि मग त्यांना हसू आवरेना.

“अहो वहिनी, तो जहाजाचा नांगर! साखळीला बांधून समुद्रात टाकतात तो! लंडनची राजकन्या काय कापसाचं वावर नांगरणार?”

“आणि ती तिफण?” यजमानांनी विचारलं.

“तिफण कसली! नुसती पट्टी ती, वरून लोंबत्या चिंध्या. अरे, तुझे सासरे म्हणजे कमाल आहेत. राणीच्या पोरीला औताला जुंपली!”

यजमानही हसले. “आता आमच्या घरीच राजकन्या आहे,” ते म्हणाले, “दिवाळीच्या आत मागचं परस नांगरून घेतो.”

मीही हसले. हसत हसत खरकटी ताटं उचलून आत गेले. लहानपणापासून मी हे किती जणांना सांगितलं ते चुलीपाशी मोजू लागले. शाळेतल्या मुली, मोठीच्या सासरचे, माझ्या सासरचे. यांतल्या कोणाकोणाला जहाजाचा नांगर ठाऊक असेल आणि कोण कोण तोंडावर हसलं नसेल? बाबांची लाज वाटायची ती माझी पहिलीच वेळ. वाटली, आणि ती मला लगेच पटलीसुद्धा.

दिवाळीच्या आधी कल्हईवाला गल्लीत बसला. मी भांडी घेऊन गेले. अक्काही तिची घेऊन आली होती, आमच्या दोघींच्या भांड्यांना एकदमच कल्हई झाली. माझी कल्हई झाल्यावर मी कल्हईवाल्याला बुडं दाखवली आणि खुणा कानशीने घासून काढायला सांगितल्या.

तो म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. “निशानी काय कू निकालते अम्मा? बेनिशान बर्तन चोरी का दिखता.”

“काढा तुम्ही.”

त्याने सातही भांडी घासली. अक्का शेजारी बसून होती. एकदा तिने माझा गडवा हातात घेतला, गुळगुळीत बुडावर फुंकर मारून कीस उडवला आणि परत दिला. यजमानांची आद्याक्षरं घालून घ्यायचं मी ठरवलं होतं. ते दिवाळीच्या गडबडीत राहिलं. वहीत कल्हईची नोंद आहे. घासल्याची नाही, आणि यजमानांनाही मी ते सांगितलं नव्हतं.

आता तो रविवार. आम्हाला भाऊ नसल्यामुळे भाऊबीजेला बाबाच येत. धाकटी अजून घरीच होती. मोठी किनवटला. बाबा आदल्या दिवशी तिच्याकडे जाऊन आगगाडीने माझ्याकडे आले. राज्याची नवी हद्द सुरू होऊन तीन दिवस झाले होते.

“गुलाबवाली मुंबईत गेली,” दारातूनच ते म्हणाले. “नांगर अन् बदाम आंध्रात. मी टेसनावर पाह्यलं, कुठं रेघ दिसते का. काईच नाई. तेच पळसाचे झाडं इकडं अन् तिकडं.”

मी पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला गडवा दिला. ते पाणी प्यायले, आणि त्यांचा अंगठा सवयीने बुडाखाली गेला. तिथे थांबला. पुन्हा फिरला.

“बाई, हा तुहा गडवा नाही.”

मी त्यांच्या हातातला गडवा घेऊन खाली ठेवला.

“दुसरा आन बरं.”

मी दुसरा आणला. मग त्यांनी स्वतः उठून मांडणीवरची परात काढली, ताटं काढली. पाच मिनिटांत सगळी भांडी त्यांच्यापुढे उपडी होती आणि ते एकेकावरून अंगठा फिरवत होते. “समदेच बदलले? असं कसं झालं? कोणाकडं गेले व्हते भांडे?”

इथे मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हणाले, “उसनी नेतात लोक सणावारी. अदलाबदल झाली असेल.”

“तू लिहून ठेवतं ना? वही आन.”

वही आणली. त्यांना वाचता येत नव्हतं तेवढ्या उजेडात, मीच वाचलं. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत आमची भांडी एकाच घरी गेली होती. “बतुकम्माच्या सणाला शेजारी, परात एक, गडवे दोन. तिसऱ्या दिवशी परत.” बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायांची नवरात्रातली फुलांची रास, रचायला अक्काने ती भांडी नेली होती. माझी नोंद खरी होती. वाचताना माझा आवाजही नेहमीसारखाच होता.

“पर इथं तं ताटं बी बदलले, हंडा बी.”

“हो.”

“अन् डबा?”

“हो.”

माझ्या नोंदीत जेमतेम तीन भांडी होती, आणि बाबांचा जन्म भांडी मोजण्यात गेलेला. त्यांना ते खटकायला हवं होतं. पण ते माझ्या शब्दावर उठले.

बाबांनी आयुष्यात कोणाशी वाकडं बोलल्याचं मला आठवत नाही. अक्काच्या दारात जाऊन त्यांनी हात जोडले आणि बाजारातल्या तेलुगूत म्हणाले, “अम्मा, रागावू नको. पोरीचे भांडे सापडून नाई राह्यले. जरा तुझी गिन्नेलु, तुझी भांडी, पाहू देतेस का? चुकून मिसळले असतील.”

अक्का माझ्याकडे पाहू लागली. मी बाबांच्या मागे, वही छातीशी धरून, आणि माझ्या मागे यजमान.

ती आत गेली आणि एकेक भांडं आणून दोन्ही घरांच्या सामाईक मागच्या अंगणात उपडं मांडू लागली. डेगची, तपेली, लोटे, दिवाळीचं फराळाचं पातेलंही तिने फराळ काढून आणलं. बाया जमल्या. कोणीतरी म्हणालं, “सणाच्या दिवशी काय हे?” दुसरी म्हणाली, “बेनामी माल निघते का पाहून राह्यले.” आणि कोणीतरी हसलं.

तिच्या प्रत्येक भांड्याच्या बुडावर तेलुगू अक्षरं होती. बाबा अंगठा फिरवत पुढे सरकत होते. एका लोट्यापाशी ते अडले, कारण अक्षरं झिजली होती. अक्का खाली बसली आणि तिने स्वतःचं बोट त्या अक्षरांवर ठेवलं.

“मा नायन पेरु,” ती म्हणाली. मग बाबांना नीट कळावं म्हणून आमच्या भाषेत, “माज्या बापाचं नाव, काका.”

बाबांनी हात मागे घेतला.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. बायांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, “चेल्ली, चेप्पु.” सांग. एवढंच.

ती थांबली होती. मला वेळ दिला होता तिने. तिने सगळं पाहिलं होतं, कानशीचा कीस तिनेच फुंकून उडवला होता. एका वाक्यात ती मोकळी झाली असती. तिने ते वाक्य माझ्याकडे दिलं आणि वाट पाहिली.

मी वही उघडली आणि पान शोधू लागले. काही शोधायचं नव्हतं.

अक्का उठली. भांडी उचलून आत नेऊ लागली. तिचे यजमान दारातून बाजूला झाले नाहीत, तिला प्रत्येक खेपेला त्यांना वळसा घालून जावं लागलं. बाबांनी पुन्हा हात जोडले. “माफ कर अम्मा. तुह्याकडं नाही.” पण बाया गेल्या त्या आपापलं ठरवून गेल्या.

घरी आल्यावर मी म्हणाले, “बाबा, जाऊ द्या. याच भांड्यांवर पुन्हा खूण घालून द्या ना.” छिन्नी त्यांच्या पिशवीत नेहमी असे.

ते दचकले. “दुसऱ्याच्या भांड्यावर? तसं करत नसतेत बाई. कोणाच्या तरी बापानं दिले असन हे. नीट ठेव. ज्याचे असन त्याला पोचते कर.”

मी त्यांना ओवाळलं. त्यांनी ओवाळणीत लुगडं घातलं. संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीने ते परत गेले.

त्यानंतर कोणी अक्काला परात दिली नाही. कोणी तिच्याकडून मागितलीही नाही. हळदीकुंकवाला ती आली की बाया वाट्या लवकर उचलत, हे मी पाहिलं. मी तिला पहिल्यासारखंच बोलवत राहिले, हे तर जास्तच वाईट. ती येत राहिली, चेल्ली म्हणत राहिली, पण माझ्याकडे पाणी पिईनाशी झाली. पुढच्या वर्षी त्यांची उटनूरला बदली झाली. निघताना तिने सामानाच्या बंडीवर भांडी चढवली ती सगळी पोत्यात शिवून. एकही उघडं नव्हतं.

बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा, जिथे लग्नाला जात तिथे पंगत उठल्यावर ते भांडी घासणाऱ्या बायांजवळ जाऊन बसत आणि एकेक भांडं उलटं करून अंगठा फिरवत. नांगर शोधत होते. लोक त्यांची चेष्टा करू लागले. धाकटीने मला पत्रात लिहिलं, बाबांना काय झालंय काही कळत नाही. मी उत्तर दिलं, वयामुळे होतं.

त्यांना शेवटपर्यंत जहाजाचा नांगर ठाऊक झाला नाही. आता मला वाटतं, झाला असता तरी त्यांनी माझ्या गडव्यावर आपल्याकडचाच काढला असता.

आज मी पन्नाशीला आले आहे. सात भांड्यांपैकी सहा मोडीत गेली, त्यांची नोंद आहे. राहिलेल्या गडव्यावर मी अजूनही काही घालून घेतलेलं नाही. अक्का उटनूरला आहे. नाकेदार गेले, ती मुलाकडे असते, बाजाराच्या मागच्या गल्लीत. हे मला ठाऊक होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी तीनदा उटनूरला जाऊन आले. दर वेळी गडवा पिशवीत होता, आणि दर वेळी बाकीची कामं आधी आटोपली.

शेवटच्या खेपेची यादी समोर आहे.

उटनूर. एक, पुतणीच्या दाखल्याचा कागद. दोन, मध, दोन बाटल्या. तीन, अक्काला तिच्या मुला-सुनेसमोर सांगणे.

पहिल्या दोन ओळींपुढे मी खूण केली आहे. तिसरीपुढे नाही.